दुसऱ्या प्रश्नाची तयारी : विद्यापीठ प्रवेशाच्या मुलाखतीला सामोरे जाताना

आपल्याकडचे बहुतेक प्रवेश गुणांवर होतात. सीईटी किंवा नीट दिली, पर्सेंटाइल कळला, कॅप राउंडमध्ये महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरला की यादी लागते, आणि या सगळ्या धावपळीत ‘तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे?’ असे विद्यार्थ्याला समोर बसवून कोणी विचारत नाही. त्यामुळे परभणी, हिंगोली किंवा धाराशिव जिल्ह्यातील मुलामुलींवर मुलाखतीची वेळ येते ती थेट बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्ज केल्यावर, एखाद्या आयआयएमचे बोलावणे आल्यावर किंवा आपल्याच विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवल्यावर. लेखी परीक्षेची शिस्त आपल्या भागात उत्तम आहे आणि लातूरने ती उभ्या महाराष्ट्राला दाखवली आहे; परंतु लेखी परीक्षेतील उत्तर आधीच ठरलेले असते, तर मुलाखतीतील पुढचा प्रश्न तुमच्या मागच्या उत्तरातून जन्माला येतो, आणि या फरकाची सवय आपल्या विद्यार्थ्यांना कोणी लावलेली नसते.

मी स्वतः पदव्युत्तर प्रवेशासाठी पहिल्यांदा मुलाखतीला बसलो तेव्हा अर्जात ‘कोरडवाहू शेतीचे अर्थकारण हा माझ्या आस्थेचा विषय आहे’ असे लिहिले होते. असे का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी घोकून गेलो होतो आणि ते नीट दिलेही. त्यानंतर समितीतील एका बाईंनी शांतपणे विचारले, की तुमच्या घरी गेल्या हंगामात कापूस किती क्विंटल झाला आणि वेचणीला किलोमागे काय दर दिला. आमच्या घरी कापूस होता, वेचणीच्या दिवसांत मी गावातच होतो, संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभाही राहत होतो; पण दर मला सांगता आला नाही, कारण तो हिशेब वडिलांच्या वहीत असे आणि ती वही मी कधी उघडली नव्हती. मला प्रवेश मिळाला नाही, आणि तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. पुढे महाविद्यालयात शिकवताना ज्या ज्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेतली त्या सर्वांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: पहिल्या प्रश्नाची तयारी सगळेच करतात, तुम्ही दुसऱ्या प्रश्नाची करा. पुढे जे लिहिले आहे ते सारे त्याचेच तपशील आहेत.

आधी स्वतःचा अर्ज

मुलाखतीचे पत्र आले की बहुतेक जण सामान्य ज्ञानाचे पुस्तक उघडतात. त्याआधी आपला अर्ज आणि त्याला जोडलेले उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, यांची एक प्रत छापून घ्यावी, कारण समितीसमोर तुमच्याविषयी तेवढाच कागद असतो आणि बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. प्रत्येक वाक्याखाली तीन-चार ओळींची जागा मोकळी सोडावी आणि अनोळखी, थोड्याशा शंकेखोर माणसाच्या नजरेने त्या जागेत तीन प्रश्न लिहावेत: या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे तुम्हाला कशावरून कळले, आणि याच्या उलट मत असलेला माणूस काय म्हणेल.

उदाहरणादाखल ‘मराठवाड्यातील पाणीटंचाईवर काम करण्याची माझी इच्छा आहे’ हे वाक्य घेऊ, कारण आपल्या भागातून जाणाऱ्या अर्जांमध्ये ते वारंवार आढळते. हे वाक्य लिहिणारे विद्यार्थी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेगाडीची माहिती पाठ करून जातात. ती माहिती हवीच, पण समितीनेही ती वर्तमानपत्रात वाचलेली असते. दुसरा प्रश्न असा येतो, की त्या उन्हाळ्यात तुमच्या स्वतःच्या गावात पाणी कोठून येत होते. टँकरच्या किती खेपा होत, कोणाची विहीर अधिग्रहित केली होती, बोअरला किती फुटांवर पाणी लागले, हंडे घेऊन रांगेत कोण उभे राहत असे आणि त्यापायी कोणाची शाळा बुडत असे? तिसरा प्रश्न याहून अवघड असतो: पाणी नाही म्हणता, मग मांजरेच्या काठाने ऊस का? येथे ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही’ असे उत्तर देणारा विद्यार्थी आपल्या चुलत्याविषयीच बोलत असतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराचा, आधार असतो आणि तोडणीची व्यवस्था कारखाना लावतो, तर सोयाबीन आणि तुरीचा हमीभाव जाहीर झाला तरी मोंढ्यात तो हाती पडेलच असे नाही, ही गोष्ट तोच चुलता अर्ध्या तासात समजावून सांगेल, फक्त त्याला कोणी तरी विचारले पाहिजे.

त्याच ओघात जायकवाडीचा विषय निघतो. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांमधून खाली पाणी सोडण्याचा वाद हा २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाशी बांधलेला आहे, एवढे तरी हा विषय अर्जात लिहिणाऱ्याला माहीत असावे. आपली बाजू आपल्या सर्वांना तोंडपाठ असते. वरच्या खोऱ्यातील द्राक्षबागायतदाराचे म्हणणे काय आहे, हे ज्याला त्या बागायतदारालाही पटेल अशा शब्दांत मांडता येते आणि मग स्वतःचे मत सांगता येते, त्याच्याशी समिती आवडीने बोलत राहते.

तुमच्या अर्जातील एखाद्या वाक्याखालच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर सापडत नसेल, तर अर्ज आता मागे घेता येत नाही, पण माहिती मिळवता येते. घरी विचारावे, तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला भेटावे, ग्रामपंचायतीत जाऊन बसावे. पुस्तकातील अवघड संज्ञा अर्जात वापरली असेल तर तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत एका परिच्छेदात लिहून पाहावा. ‘आवडीचे लेखक’ म्हणून ज्यांचे नाव दिले त्यांचे निदान एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत पुन्हा वाचावे. एखादे वर्ष वाया गेले असेल किंवा एखादा विषय राहिला असेल, तर त्याचे खरे कारण दोन वाक्यांत सांगावे आणि तेथे थांबावे. समितीला तुमच्या अडचणीचे वावडे नसते, लपवाछपवी मात्र तिच्या लगेच लक्षात येते.

आपला जिल्हा, आपले विद्यापीठ

बाहेरच्या समित्या विद्यार्थ्याला मोकळे करण्यासाठी त्याच्या गावाविषयी विचारतात. हा प्रश्न सोपा समजून मुले त्यावर चार शब्दांत उत्तर देतात आणि हातची संधी घालवतात. जिल्ह्याची सगळी माहिती पाठ करणे गरजेचे नाही. तुमच्या विषयाचा आणि तुमच्या भूमीचा जेथे संबंध येतो ती जागा शोधावी. भूगोल किंवा भूशास्त्राकडे निघालेल्या औशाच्या विद्यार्थ्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप केवळ आठवण म्हणून माहीत असून भागत नाही, दख्खनचे पठार स्थिर मानले जात असताना तेथे एवढा विध्वंसक भूकंप का व्हावा, हा प्रश्न त्याने वाचलेला असला पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि तेथून रोमन जगापर्यंत पोहोचणारा व्यापार यांविषयी पाच मिनिटे बोलता यावे. वस्त्रांचे डिझाइन शिकू पाहणाऱ्याने पैठणी आणि हिमरू यांच्या विणकामात काय फरक आहे ते मागावर बसलेल्या कारागिराकडे जाऊन पाहून यावे. कृषीच्या विद्यार्थ्याला ‘घरी कोणते बियाणे पेरता?’ असे हमखास विचारतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ सोयाबीन अशी नावे सांगून तो थांबला तर उत्तर अर्धेच राहते, कारण दुसरा प्रश्न ‘तेच का?’ हा असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना विद्यापीठाच्या नावाविषयीही विचारले जाते. विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. यांतील शेवटच्या दोन तारखांच्या मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी काय सोसले, हे ज्या विद्यार्थ्याला माहीत नाही त्याने आपल्या पदवी प्रमाणपत्रावरचे नाव नीट वाचलेले नाही, असे मी मानतो. हा विषय निघाला तर आवाज न चढवता आणि काहीही न झाकता बोलावे.

बोलण्याची भाषा

भाषेची भीती आपल्या मुलांना सर्वांत जास्त असते आणि तिच्यावर वेळही चुकीच्या रीतीने खर्च होतो. महिनाभरात इंग्रजी सुधारत नाही. महिनाभरात एवढे साधते, की आपल्या विषयातील दहा-बारा मुख्य गोष्टी साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत न अडखळता सांगता येतात. तेवढेच उद्दिष्ट ठेवावे. मराठीतून किंवा हिंदीतून उत्तर देता येईल का, हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच नम्रपणे विचारण्यास हरकत नसते, मात्र तशी सवलत आहे का ते संस्थेच्या माहितीपत्रकात आधी पाहून घ्यावे. इंग्रजीत बोलताना ‘सालगडी’, ‘उचल’, ‘वाटेकरी’ अशा शब्दांना घाईघाईने प्रतिशब्द शोधू नयेत. मूळ शब्द उच्चारावा आणि त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा, कारण ती व्यवस्था तुम्ही आतून पाहिली आहे हे त्या शब्दातूनच कळते.

आपल्या बोलीची लाज तर अजिबात बाळगू नये. पुण्या-मुंबईच्या समितीपुढे ‘मी अभ्यास करायलो’ असे तोंडून निघून गेले म्हणून गांगरून पुढचे उत्तर बिघडवणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिक्षण घेतले, १९१८ मध्ये उर्दू माध्यम घेऊन सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या, आणि नंतर मराठीत व इंग्रजीत कामे केली. परक्या भाषेत विचार मांडण्याचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही.

यासाठी एक सराव मला फार उपयोगी पडलेला दिसतो. आपल्या विषयातील एकच कल्पना, समजा चलनवाढ किंवा प्रकाशसंश्लेषण, प्रथम घरातील मोठ्या आईला किंवा आजीला आपल्या बोलीत समजावून सांगावी, मग दुसऱ्या शाखेत शिकणाऱ्या मित्राला प्रमाण मराठीत सांगावी आणि शेवटी शिक्षकांना इंग्रजीत सांगावी. आजीने मध्येच विचारलेला ‘म्हणजे काय रे?’ हा प्रश्न समितीच्या दुसऱ्या प्रश्नाइतकाच नेमका असतो.

सराव मुलाखत

निदान तीन सराव मुलाखती द्याव्यात आणि त्या घरच्यांसमोर देऊ नयेत, कारण घरचे लोक एक तर कौतुक करतात किंवा रागावतात. विषयाचे एक शिक्षक, विषयाबाहेरचे एक शिक्षक आणि अशी मुलाखत देऊन आलेले एखादे दादा किंवा ताई, असे तिघे पुरेसे आहेत. त्यांच्या हाती अर्जाची प्रत द्यावी, प्रश्न आधी विचारून घेऊ नयेत, वीस मिनिटे ठरवावीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. ते ऐकणे कठीण जाते, तरी पूर्ण ऐकावे. प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘ॲक्च्युअली सर’ने होते का, ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ येते का, प्रश्न संपण्याआधीच उत्तर सुरू होते का, उत्तर संपल्यावरही बोलणे चालूच राहते का, हे त्यात स्पष्ट ऐकू येते. शेवटची खोड सर्वांत जास्त नुकसान करते. उत्तर झाले की थांबावे. समोरची शांतता भरून काढण्याची जबाबदारी तुमची नाही.

सरावात निदान एकदा तरी असा प्रश्न यावा ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही. ‘मला हे माहीत नाही’ असे म्हणणे आपल्याला जड जाते, कारण वर्गात त्याचा अर्थ अभ्यास न करणे असा घेतला जातो. मुलाखतीत मात्र ते वाक्य म्हणावे आणि त्यापुढे, शक्य असेल तर, जेवढे कळते तेवढ्याच्या आधारे अंदाज मांडावा: ‘हा नियम मी वाचलेला नाही, पण आमच्या तालुक्यात पीकविमा असा मिळाला होता, त्यावरून मला असे वाटते.’ अंदाज चुकला तरी विचार करण्याची रीत समितीला दिसते. ठोकून दिलेल्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि तेथे मग काहीच हाती उरत नाही.

मुलींना कधी कधी ‘लग्न ठरले तर शिक्षण सोडाल का?’ असे विचारले जाते. हा प्रश्न विचारला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो आलाच तर घरच्या परिस्थितीचे स्पष्टीकरण देत न बसता ‘मी हा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आले आहे’ एवढे शांतपणे सांगून आपल्या विषयाकडे परतावे.

पीएच.डी.ची मुलाखत

येथे आकडे आधी समजून घ्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रवेश परीक्षेवर आधारित निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. २०२४ पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात आणि तेथेही प्रमाण तेच आहे. असे गुण एक वर्ष ग्राह्य असतात. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. म्हणजे पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटमध्ये चार-दोन गुणांनी मागे असलेल्या उमेदवाराला मुलाखतीत वर येता येते, आणि पुढे असलेला मागेही पडू शकतो.

समिती संशोधनाच्या आराखड्यावर बोलते. ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांचे आरोग्य’ असा विषय घेतला तर पहिला प्रश्न महत्त्वाविषयी असेल. दुसरा प्रश्न असा, की बीडमधील या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने काम केले आहे, तर तुम्ही त्यात नवीन काय पाहणार. तिसरा प्रश्न अगदी व्यवहाराचा: दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात, मग तुम्ही त्यांना केव्हा, कोठे आणि मुकादमाच्या गैरहजेरीत कसे भेटणार? या तिसऱ्या प्रश्नाला तालुका, गावे, महिने आणि माणसे यांची नावे घेऊन उत्तर देणारा उमेदवार आराखडा दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या उमेदवारापासून लगेच वेगळा ओळखू येतो. म्हणून मुलाखतीपूर्वी दोन दिवस काढून निवडलेल्या गावांपैकी एका तरी गावात जाऊन यावे.

कागदपत्रे आणि प्रवास

मूळ कागदपत्रे आणि झेरॉक्सचे दोन संच आठ दिवस आधी तयार ठेवावेत. केंद्रीय संस्थेत ओबीसी प्रवर्गातून अर्ज केला असेल तर प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यातील लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही, आणि तहसीलमधून ते हाती पडण्यास वेळ लागतो. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही, हेही अर्ज भरतानाच ध्यानात घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नावात फरक असेल तर त्याची दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे.

दिल्लीकडे जायचे असेल तर नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस सोयीची आहे, मुंबईसाठी देवगिरी, नंदीग्राम आणि तपोवन आहेत. गाडी कोणतीही असो, मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचण्याचा बेत करावा, कारण रात्रभर जागून सकाळी स्थानकावरून थेट समितीपुढे उभे राहणारा विद्यार्थी निम्मी तयारी गाडीतच सोडून येतो. कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले आणि आधी वापरलेले असावेत. मुलाखत ऑनलाइन असेल तर गावातील वीज आणि नेटवर्क यांवर विसंबू नये. तालुक्याच्या महाविद्यालयातील एखादी खोली प्राचार्यांना विनंती करून मिळवावी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवावेत आणि संपर्क तुटल्यास कोणत्या क्रमांकावर कळवायचे ते आधीच विचारून घ्यावे.

मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी, गाडीत किंवा मुक्कामी, विचारले गेलेले सर्व प्रश्न आठवतील त्या क्रमाने वहीत उतरवावेत आणि कोणत्या उत्तरावर समितीने पुढे काय विचारले तेही लिहावे. आमच्या विभागात अशी एक वही कपाटात ठेवलेली असते. गावी परतल्यावर विद्यार्थी तिच्यात आपली दोन पाने लिहितात, आणि पुढच्या वर्षी पत्र आलेल्या मुलामुलींना मी सर्वांत आधी तीच वही वाचायला देतो.